तौलनिक साहित्याभ्यासातील नोंदी आणि डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली : उपयोग व मर्यादा

प्रास्ताविक

तौलनिक साहित्याचा अभ्यास हा बऱ्याच अंशी नोंदींवर उभा असतो. एखादी कृती कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत गेली, ती कोणी नेली, मूळ भाषेवरून नेली की मधल्या एखाद्या भाषेच्या आधारे, तिची हस्तलिखिते वा आवृत्त्या कोठे आहेत, या प्रश्नांची उत्तरे हाती नसतील तर प्रभाव, स्वीकार, रूपांतर या संकल्पनांची चर्चा निराधार राहते. म्हणूनच सूचीकार्याला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. थिओडोर ऑफ्रेख्ट यांनी १८९१ ते १९०३ या काळात 'कॅटलॉगस कॅटलॉगोरम' ही संस्कृत हस्तलिखितसूच्यांची सूची प्रसिद्ध केली आणि मद्रास विद्यापीठाने १९३५ मध्ये तिच्या नव्या, विस्तारित रूपाचे काम हाती घेतले. मराठीत शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या कालखंडाची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ साली प्रकाशित झाली. या कामांवाचून पुढचे संशोधन होऊ शकले नसते.

तथापि, मुद्रित सूचीची मांडणी एकदाच ठरते. सूची विषयवार असेल तर अनुवादकांच्या अंगाने शोध घेणाऱ्याला सूचीकाराने जोडलेल्या निर्देशिकेवर अवलंबून राहावे लागते. तशी निर्देशिका नसेल तर सगळा ग्रंथ चाळावा लागतो. कार्डांच्या पेटीचीही हीच अडचण आहे. पुढे कार्डांची जागा संगणकावरील तक्त्यांनी घेतली, परंतु पुष्कळदा तो पेटीचाच नवा अवतार ठरला. प्रस्तुत लेखात डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली या साधनाचे तौलनिक अभ्यासाला होणारे फायदे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. हे साधन वेगाने काम करते, हा त्याचा गौण गुण आहे. ज्या गोष्टी मुळात भिन्न आहेत त्या भिन्न ठिकाणी नोंदवावयास ते अभ्यासकाला भाग पाडते आणि नोंद करताना मनात नसलेला प्रश्नही पुढे विचारता येईल अशी सोय करून ठेवते, हा त्याचा प्रधान गुण होय. हाच गुण निष्काळजीपणे वापरला तर साहित्येतिहासातील अनिश्चितता कशी पुसली जाते, याचाही विचार शेवटी केला आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

व्यवस्थित ठेवलेल्या, परस्परसंबंध असलेल्या नोंदींचा संच म्हणजे डेटाबेस. हा संच निर्माण करणारी, सांभाळणारी आणि त्यातून मागेल ते काढून देणारी संगणकीय प्रणाली म्हणजे डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली. १९६० च्या दशकापर्यंत प्रत्येक कामासाठी वेगळी फाइल आणि ती वाचणारा वेगळा प्रोग्रॅम अशी रीत होती. फाइलची अंतर्गत रचना बदलली की प्रोग्रॅम निकामी होई. त्या दशकात काही प्रणाली उभ्या राहिल्या. पण त्यांतही नोंद कोणत्या वाटेने गाठायची, हे वापरणाऱ्यालाच ठाऊक असावे लागे.

आयबीएममध्ये काम करणारे गणिती एडगर कॉड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले. माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात ठेवावी, तक्त्यांमधील नाते समान मूल्यांच्या आधारे जोडावे आणि माहिती यंत्रात प्रत्यक्ष कोठे व कशी साठवली आहे याचे ज्ञान वापरणाऱ्याला असण्याची गरज नसावी, हा त्याचा गाभा. याच विचारातून १९७४ च्या सुमारास डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी एक पृच्छाभाषा तयार केली. ती पुढे 'एसक्यूएल' या नावाने रूढ झाली. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. माहितीची साठवण आणि माहितीचा वापर यांची ही फारकत साहित्याच्या अभ्यासकालाही उपकारक आहे. यंत्र बदलले, साठवणीची पद्धत बदलली, तरी त्याचे प्रश्न आणि त्याच्या नोंदी कायम राहतात.

एक बाब, एकच जागा

आता आपल्या क्षेत्रातील एक उदाहरण घेऊ. वि. स. खांडेकर यांची 'ययाति' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला १९६० चा साहित्य अकादेमी पुरस्कार आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तिचे अनेक भारतीय भाषांत अनुवाद झाले. अनुवादांची सूची एकाच मोठ्या तक्त्यात करावयाची ठरवली, तर प्रत्येक अनुवादाच्या ओळीत खांडेकरांचे नाव, मूळ शीर्षक आणि मूळ प्रकाशनवर्ष पुन्हा पुन्हा लिहावे लागेल. एका सहकाऱ्याने १९५९ लिहिले, दुसऱ्याने पुरस्काराचे वर्ष पाहून १९६० लिहिले, तिसऱ्याने शीर्षक 'ययाती' असे दीर्घान्त केले, की एकाच कादंबरीच्या तीन कादंबऱ्या होतात. यापुढील मोजणी चुकते आणि ती का चुकली हे कळत नाही.

डेटाबेसच्या रचनेत लेखक, कृती आणि अनुवाद यांचे तक्ते वेगळे केले जातात. 'ययाति' ही नोंद कृतींच्या तक्त्यात एकदाच येते आणि तिला एक ओळखक्रमांक मिळतो. अनुवादाच्या ओळीत केवळ तो क्रमांक असतो. प्रकाशनवर्ष दुरुस्त करायचे झाले तर एका ठिकाणी करायचे. सर्व अनुवादांच्या संदर्भात ते आपोआप दुरुस्त होते. द्विरुक्ती टाळणे हा या प्रणालीचा पहिला फायदा मानला जातो तो यामुळे.

या विभागणीचा आणखी एक लाभ सहसा सांगितला जात नाही; आपल्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. अनुवादांच्या एकमेव तक्त्यात अनुवाद न झालेल्या कृतीला जागाच नसते. तिची ओळ कोठे लिहिणार? परिणामी जे अनुवादित झाले तेवढेच दिसते आणि जे झाले नाही ते अस्तित्वात नसल्यासारखे होते. कृतींचा तक्ता स्वतंत्र असेल तर अननुवादित कृतीही तेथे नांदते. एखाद्या भाषेने काय स्वीकारले याइतकेच तिने काय स्वीकारले नाही, हे जाणणे तौलनिक अभ्यासात महत्त्वाचे असते. त्याचप्रमाणे, एखाद्या लेखकाच्या नावावरील एकमेव अनुवादाची नोंद चुकीची म्हणून काढून टाकली, तरी लेखकाची नोंद तिच्यासोबत नाहीशी होत नाही.

नावांचा प्रश्नही असाच सुटतो. मराठीत टोपणनावांची परंपरा समृद्ध आहे. वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, राम गणेश गडकरी आणि गोविंदाग्रज ही नावे मराठी वाचकाला एकाच व्यक्तीची म्हणून ठाऊक असली, तरी हैदराबाद किंवा कोलकाता येथे नोंदी करणाऱ्या साहाय्यकाला ती ठाऊक असतीलच असे नाही. खांडेकरांना तमिळमध्ये नेणारे श्रीनिवासाचार्य 'का. श्री. श्री.' या आद्याक्षरांनीच तमिळ वाचकांना परिचित होते. व्यक्ती आणि नाव हे दोन तक्ते वेगळे ठेवले, तर एका व्यक्तीला कितीही नावे जोडता येतात आणि कोणते नाव कोणत्या पुस्तकावर छापले आहे, ही माहितीही हरवत नाही. टोपणनाव काढून खरे नाव घालणे ही दुरुस्ती नव्हे. त्यामुळे पुरावाच नष्ट होतो.

अनेकांचे अनेकांशी नाते

साहित्यव्यवहारातील नाती सहसा एकास एक नसतात. तंजावरच्या मराठा राजांपैकी शाहजी (राज्यकाल १६८४ ते १७१२) यांचे 'पंचभाषाविलास' हे नाटक याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा आहेत. ज्या तक्त्यात 'भाषा' नावाचा एकच रकाना आहे, त्यात या नाटकाची नोंद कशी करावी? 'मराठी' लिहिले तर तेलुगूच्या अभ्यासकाला ते सापडणार नाही. पाचही भाषा स्वल्पविराम देऊन एका रकान्यात कोंबल्या तर यंत्राला तो पाच भाषांचा समूह न वाटता एक लांबलचक शब्द वाटेल. 'बहुभाषिक' असा शेरा मारला तर कोणत्या भाषा, हा मूळ प्रश्नच गळून पडेल.

यावरचा उपाय असा, की कृती आणि भाषा यांच्यामध्ये एक जोडतक्ता ठेवायचा. त्यात 'पंचभाषाविलास'च्या पाच ओळी येतील आणि प्रत्येक ओळीत एक भाषा असेल. हवे असल्यास ती भाषा कोणत्या पात्राच्या तोंडी आहे, हेही तेथेच नोंदवता येईल. तेलुगूवरून शोधा किंवा मराठीवरून, नाटक दोन्हीकडे सापडते. राष्ट्रीय भाषांच्या सीमा गृहीत धरून केलेल्या सूच्यांत तंजावरसारख्या बहुभाषिक दरबाराचे साहित्य नेहमीच उपरे ठरते. तक्त्यांची रचना बदलल्याने हा दृष्टिकोन आपोआप बदलेल असे नाही. मात्र एकच रकाना ठेवल्याने त्या सीमा नकळत पक्क्या होतात, हे निश्चित.

ग्रंथालयशास्त्रात याच दिशेने झालेला विचार येथे उपयोगी पडतो. ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात कृती, तिची अभिव्यक्ती, तिचे प्रकाशित रूप आणि प्रत्यक्ष प्रत अशा चार पातळ्या वेगळ्या केल्या. 'ययाति' ही कृती. तिचा तमिळ अनुवाद ही एक अभिव्यक्ती. त्या अनुवादाची विशिष्ट प्रकाशकाची आवृत्ती हे प्रकाशित रूप. आणि आपल्या ग्रंथालयातील, कोणी समासात टिपा केलेली, ती प्रत. या पातळ्यांची गल्लत झाली की अनुवादाचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष यांतील फरक पुसला जातो आणि स्वीकाराचा कालानुक्रम चुकतो.

सुसंगती, सहकार्य आणि सुरक्षितता

डेटाबेस प्रणालीला नियम सांगून ठेवता येतात. अस्तित्वात नसलेल्या कृतीला अनुवाद जोडता येणार नाही, एकच ओळखक्रमांक दोघांना मिळणार नाही, वर्षाच्या रकान्यात अक्षरे भरता येणार नाहीत, अशा बंधनांमुळे निष्काळजीपणाचे दोष प्रवेशद्वारापाशीच अडतात. साध्या तक्त्यात एकच रकाना निवडून अकारविल्हे लावला गेला आणि सर्व लेखकांच्या कृतींची अदलाबदल झाली, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. डेटाबेसमध्ये ओळ हे एक विधान असते. उत्तर कोणत्याही क्रमाने मागवले तरी ओळीतील घटक परस्परांपासून विलग होत नाहीत.

अनेक ठिकाणच्या अभ्यासकांनी एकाच वेळी काम करावयाचे असेल तर हा लाभ अधिकच जाणवतो. दिल्लीत एक जण आणि तंजावरला दुसरा एकाच नोंदीत बदल करीत असतील, तर एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलाखाली नकळत गाडला जाऊ नये, अशी दक्षता घेण्याची साधने प्रणालीत असतात. काही कामे अर्धवट राहिल्यास अनर्थ होतो. दोन वेगळे समजलेले अनुवादक एकच असल्याचे सिद्ध झाले आणि एकाच्या नावावरील चाळीस नोंदी दुसऱ्याकडे न्यावयाच्या आहेत; विसाव्या नोंदीपाशी वीज गेली तर काय? हे सर्व बदल मिळून एक व्यवहार मानला, तर प्रणाली तो एक तर संपूर्ण पार पाडते, नाही तर मुळीच न झाल्यासारखा पूर्ववत करते.

कोणाला काय पाहता यावे आणि कोणाला काय बदलता यावे, हेही ठरवता येते. खासगी संग्रहातील हस्तलिखिताच्या मालकाचा पत्ता संपादकांपुरता ठेवून बाकीची नोंद सर्वांना खुली करता येते. संशोधन साहाय्यकाला नवी नोंद भरण्याचा अधिकार देता येतो आणि जुनी पुसण्याचा नाकारता येतो. नियमित प्रतिलिपी काढून ती अन्यत्र ठेवण्याची सोय असतेच. मात्र ती वापरण्याची शिस्त माणसालाच पाळावी लागते.

पूर्वी न सुचलेले प्रश्न

पृच्छाभाषेचे वैशिष्ट्य असे, की हवे ते काय एवढेच सांगायचे. ते कसे शोधायचे हे प्रणाली ठरवते. अनुवादाच्या नोंदीत लक्ष्यभाषेबरोबर 'प्रत्यक्ष आधारभाषा' हाही घटक ठेवला आहे असे समजू. मग मराठीतून तिसऱ्या भाषेत गेलेल्या कोणत्या कृती हिंदी अनुवादावरून गेल्या, कोणत्या इंग्रजीवरून आणि कोणत्या थेट, अशी विभागणी एका पृच्छेने मिळते. तीच दशकांनुसार मांडली तर मध्यस्थ भाषेचे स्थान कसे बदलत गेले याचे चित्र समोर येते. उलट दिशेने, मामा वरेरकर यांनी शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कादंबऱ्या बंगालीतून मराठीत आणल्या. मराठीत आलेल्या बंगाली कृतींपैकी कोणत्या गुजरातीतही गेल्या आणि कोणत्या भाषेत आधी, असा प्रश्न विचारता येतो. साहित्य अकादेमी पुरस्कार मिळालेल्या मराठी कृतींपैकी कोणत्यांचा तमिळ अनुवाद नोंदलेला नाही, हा अभावाचा प्रश्नही विचारता येतो. यांपैकी कोणताही प्रश्न नोंद करणाऱ्याच्या मनात असण्याची आवश्यकता नाही. त्याने घटक वेगवेगळे नोंदवलेले असले म्हणजे पुरे.

येथे एक सावधगिरी हवी. अनेक जुन्या पुस्तकांवर प्रकाशनवर्ष छापलेले नसते. अशा ठिकाणी रकाना रिक्त ठेवला जातो. रिक्त मूल्य म्हणजे शून्य नव्हे आणि 'नाही' असेही नव्हे. 'माहीत नाही' एवढाच त्याचा अर्थ. म्हणून १९५० पूर्वीचे अनुवाद मागितले तर ते पुस्तक येत नाही आणि १९५० पासूनचे मागितले तरी येत नाही. दोन्ही उत्तरांची बेरीज एकूण संख्येपेक्षा कमी भरते. हे लक्षात न घेता काढलेल्या आलेखांत अदिनांकित पुस्तके, म्हणजे बहुधा छोट्या प्रकाशकांची व लोकप्रिय वाचनाची पुस्तके, शांतपणे वगळली जातात.

लिपी आणि वर्णक्रम

भारतीय भाषांसाठी स्वतंत्र उल्लेख करावा असा एक विषय लिपीचा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी देवनागरी मजकूर बहुधा विशिष्ट टंकाच्या संकेतांत भरला जाई; तो टंक नसेल तर मजकूर अर्थहीन चिन्हांचा होई. युनिकोडमुळे ही आपत्ती टळली असली, तरी काही बारकावे शिल्लक आहेत. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. यंत्राला मात्र ते भिन्न असतात. युनिकोडच्या संकेतक्रमात ळ हा ल नंतर लगेच येतो. मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. योग्य वर्णक्रमाचा नियम निवडला नाही तर मराठी सूची मराठी वाचकालाच परकी वाटते. शिवाय १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे अनुच्चारित अनुस्वार जुन्या शीर्षकांत असतात. मूळ शीर्षक जसेच्या तसे एका रकान्यात आणि शोधासाठी प्रमाणित रूप दुसऱ्या रकान्यात ठेवणे, हा यावरचा साधा मार्ग होय.

अनिश्चितता कोठे नोंदवावी?

आतापर्यंतचे सर्व फायदे गृहीत धरूनही सर्वांत कठीण प्रश्न उरतो. संत नामदेवांचे उदाहरण पाहू. परंपरेनुसार त्यांचा काळ १२७० ते १३५०. त्यांच्या नावावरील मराठी अभंग बाडांतून आणि कीर्तनपरंपरेतून आले. महाराष्ट्र शासनाने त्यांची गाथा १९७० साली प्रकाशित केली. १६०४ मध्ये संकलित झालेल्या आदिग्रंथाच्या परंपरेत त्यांची ६१ पदे गुरुमुखीत जतन झाली. राजस्थानातील दादूपंथी 'पंचवाणी' हस्तलिखितांत दादू, कबीर, रैदास, हरिदास यांच्यासह नामदेव येतात. या हिंदी पदांचा पाठ विनांद कालेवार्ट आणि मुकुंद लाठ यांनी हस्तलिखितांच्या आधारे १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा या कवीच्या रचना नामदेवांच्या रचनांत मिसळल्या आहेत. मराठी गाथेतील आणि पंजाबातील नामदेव एकच की भिन्न, हा वादही जुना आहे.

आता कृतींच्या तक्त्यात 'कर्ता' असा एक रकाना आहे आणि तो रिक्त ठेवण्यास प्रणालीने मनाई केली आहे, अशी कल्पना करा. नोंद करणारा साहाय्यक 'नामा म्हणे' ही मुद्रा पाहून प्रत्येक ओळीत नामदेवांचा क्रमांक भरील. कोणतेही बंधन मोडणार नाही. पृच्छा केली की नामदेवांच्या नावे एक ठाम संख्या मिळेल आणि ती प्रबंधात जाईल. शतकभराची पाठचर्चा एका रकान्यात विरून जाईल. प्रणाली नोंदींची सुसंगती तपासते. सत्यता तपासणे तिच्या आवाक्यातले नाही.

यावर उपाय प्रणालीतच आहे. तो वापरण्याची बुद्धी मात्र अभ्यासकाची हवी. कर्तृत्व हा पदाचा गुणधर्म न मानता कोणी तरी, कशाच्या तरी आधारे केलेले विधान मानावे. मग कर्तृत्वविधानांचा स्वतंत्र तक्ता होतो : पद कोणते, ते कोणाचे म्हटले आहे, कोणत्या बाडात वा ग्रंथात, तसे कोणत्या संपादकाने मानले, कोणत्या वर्षी आणि कोणत्या कारणाने. एका पदाबाबत परस्परविरोधी दोन विधाने सुखाने शेजारी राहू शकतात. 'नामदेवांची पदे किती?' या प्रश्नाला मग एक उत्तर मिळत नाही. आदिग्रंथानुसार किती, गाथेनुसार किती, विष्णुदास नाम्याची मानलेली पदे वगळून किती, अशी उत्तरे मिळतात आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्याचा निकष प्रकट असतो. पाठाच्या बाबतीतही हेच. मराठी अभंग आणि गुरुमुखी पद यांत साम्य दिसले, तर ते 'एकच पद' म्हणून विलीन न करता दोन स्वतंत्र पाठ ठेवून त्यांच्यातील नाते सांगणारी ओळ लिहावी. विलीन केलेले पुन्हा वेगळे करणे फार कठीण असते.

समारोप

महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांतील भाषा-अध्यासने बहुधा एखाददुसऱ्या अध्यापकाच्या बळावर चालतात. तो निवृत्त झाला की त्याच्या पेट्या आणि त्याच्या संगणकातील तक्ते इतरांना अगम्य होतात, कारण कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे त्याच्या स्मरणातच राहिलेले असते. देशपातळीवर २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित मिशनने 'कृतिसंपदा' ही हस्तलिखितांची सूची उभारली आणि २०२५ मध्ये 'ज्ञानभारतम्' मिशनची घोषणा झाली. अशा मोठ्या उपक्रमांना जोडून घेण्याजोगी लहान, काटेकोर सूची प्रत्येक अध्यासनाला करता येईल. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूलाइट या प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत. दुसरीत तर संपूर्ण डेटाबेस एकाच फाइलमध्ये मावतो.

शे-दोनशे नोंदींच्या एकट्याच्या कामाला साधा तक्ता पुरतो, हेही मान्य केले पाहिजे. नोंदी वाढू लागल्या, हात अनेक झाले आणि नाती गुंतागुंतीची झाली की मात्र डेटाबेसला पर्याय राहत नाही. त्या वेळी तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून कराव्यात. तक्त्यांची रचना आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ गद्यात लिहून ठेवावा. प्रत्येक विधानाला त्याचा आधार जोडावा. आणि ठराविक काळाने सर्व नोंदी साध्या मजकुराच्या रूपात काढून ग्रंथालयाच्या स्वाधीन कराव्यात. असे केले तर पुढच्या अभ्यासकाला पूर्वसूरींचे निष्कर्ष मिळतील, शिवाय त्यांच्या शंकाही शाबूत मिळतील. नामदेवांच्या पदांविषयी त्याला वेगळे मत द्यावयाचे असेल, तर जुन्या मताला धक्का न लावता तो आपली एक ओळ त्याखाली जोडू शकेल.